टाकी कोणाची?

१

सोमवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने सुमेधा देवरूखहून माहेरपण आटोपून परतली. पिशवी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवायला तिने नळाखाली पातेलं धरलं. पाणी आधी करंगळीएवढं आलं, मग थांबलं. नळ घसा खाकरल्यासारखा वाजला आणि धारेबरोबर एक पांढरा दोरा लोंबू लागला. तिने तो चिमटीत धरून ओढला. हातभर आला, अजून हातभर आला, आणि मग आत कुठेतरी गाठ अडकली. तीनपदरी सूत, थोडं पिवळं पडलेलं. जानवं ओळखायला काही पंचांग बघावं लागत नाही.

मागे वळून पाहिलं तर श्याम आतल्या खोलीच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. त्याचं जानवं त्याच्या गळ्यात होतं हे तिने आधी बघून घेतलं आणि तिला हायसं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. श्यामने नळाकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाला, "ते पाणी पिऊ नकोस."

तोवर गच्चीवरची टाकी कुणी उघडलीही नव्हती. आत काय आहे ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. खालच्या मजल्यावर लोकांचे चहा होऊन गेले होते, पोरांच्या आंघोळी झाल्या होत्या, देवांनाही त्याच पाण्याने न्हाऊ घातलं होतं.

२

टाकीत गंगाधरपंत करमरकर सापडले. वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष, एकटे राहणारे, करड्या शिस्तीचे गृहस्थ. आदल्या दुपारपासून ते कुणाला दिसले नव्हते. त्यांना बाहेर काढताना बघायला सगळी वसाहत खाली जमली आणि बघवेना म्हणून माना खाली घालून उभी राहिली. एकेक जण बाजूला जाऊन ओकून आला. ज्या पाण्यात ते रात्रभर होते ते सगळ्यांच्या पोटात गेलं होतं.

या वसाहतीचं नाव स्नेहवर्धिनी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! रत्नागिरीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर, एक तीन मजली इमारत आणि तिच्या पलीकडे बंगल्यांची रांग. तिथली मालकी कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्याची. घराच्या चार भिंतींच्या आत जे असेल ते ज्याचं त्याचं. तिथे कुठल्याही कमिटीने डोकवायचं नाही. भिंतीबाहेरचा जिना आणि गच्ची इमारतीच्या मंडळाची. बंगल्यांचं मंडळ वेगळं. आणि या दोन्ही मंडळांच्या डोक्यावर संघ. रस्ता, विहीर, पंप आणि पाण्याची टाकी संघाची. पाणी उंचावरून सोडायचं म्हणून टाकी बांधली इमारतीच्या गच्चीवर. म्हणजे पाणी संघाचं, ते ज्या गच्चीवर साठायचं ती इमारतीची, आणि ज्या हंड्यात पडायचं तो हंडा ज्याचा त्याचा.

हे कागदावर फार सुरेख दिसे. प्रत्यक्षात रस्त्यावरचा दिवा गेला की संघाने बदलायचा, जिन्यातला गेला की मंडळाने, आणि या दोघांच्या मधोमध पहिल्या पायरीवर लावलेला दिवा एकदा गेला तो गेलाच. त्याच्याखाली अडखळून पडलेल्या येसूबाईंना उचलायला मात्र कुणाची परवानगी लागली नव्हती, हे नशीब.

संघ आणि मंडळ यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून कुलपं दोन. गच्चीच्या दाराचं कुलूप मंडळाचं, आणि त्याची एकुलती एक किल्ली चिटणीस म्हणून श्यामच्या घरी खिळ्याला. टाकीच्या लोखंडी झाकणाचं कुलूप संघाचं, त्याची किल्ली करमरकरांच्या खिशात. ती त्यांच्या खिशातच सापडली.

फौजदार माने घाटावरचे, सरळ डोक्याचे. त्यांचा हिशेब तिथल्या तिथे झाला. झाकणाचं कुलूप दाबलं की बसतं, ते कुणीही लावू शकतो. गच्चीचं कुलूप मात्र किल्ली फिरवल्याशिवाय ना उघडत, ना लागत. दार बंद होतं, किल्ली श्यामकडे होती. शिवाय रविवारी दुपारी करमरकर गच्चीची किल्ली मागायला आले तेव्हा श्यामने जिन्यात उभं राहून त्यांना सुनावलं होतं की जिना आमचा आहे, आदल्या दिवशी कळवल्याशिवाय संघाने पाय ठेवायचा नाही, उद्या या. ते सगळ्या इमारतीने ऐकलं होतं.

मान्यांनी श्यामला विचारलं. दुपारी कुठे होतात, घरी. काय करत होतात, गप्प. पोलिसांच्या गाडीत बसतानाही त्याने सुमेधाकडे पाहिलं नाही. नवऱ्याला नेलं याची भीती होतीच, पण तिच्या मनात आणखी एक भीती शिरून बसली होती. ते पाणी पिऊ नकोस, असं तो कशावरून म्हणाला?

३

सुमेधाने वाण्याच्या दुकानातून फोन लावला तो अण्णा बेहेऱ्यांना. अण्णा तिच्या वडिलांचे जुने स्नेही, रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टातले निवृत्त वकील. जन्मभर त्यांनी वाटणीचे दावे लढवले होते. जमीन एकाची, तिच्यातलं कलम दुसऱ्याचं आणि त्याचे आंबे उतरवायचा हक्क तिसऱ्याचा, असल्या गुंत्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. खुनाशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, आणि ते त्यांनी आल्या आल्या सांगूनही टाकलं.

"मला एकच प्रश्न विचारता येतो, सुमे," ते म्हणाले. "हे कोणाचं? तेवढा विचारत हिंडतो. आणि तू माझ्यापासून काहीतरी लपवत्येस. लपव. मी विचारणार नाही."

सुमेधाला रडू कोसळलं, पण श्यामचे ते शब्द तिने सांगितले नाहीत.

पाण्यावाचून सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. अशा वेळी शेजारचे जोगळेकरभाऊ देवासारखे धावून आले. बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, संघाचे खजिनदार, ही इमारत उभी राहिली तीही त्यांच्याच देखरेखीखाली. आपल्या घरातल्या पिंपातलं साठवणीचं पाणी त्यांनी दारोदार कळशीने पोचवलं. सुमेधाला तर स्वतः आणून दिलं, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका वहिनी, श्यामराव सुटतील." ती ते पाणी घटाघटा प्यायली. माणुसकी म्हणतात ती हीच, असं तिला वाटलं.

फौजदार मान्यांच्या परवानगीने अण्णा गच्चीवर गेले. मागोमाग सुमेधा. टाकीकडे तिने पाहिलंच नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली. अण्णा मात्र टाकीकडे न बघता जमिनीकडे बघत होते. टाकीच्या मागच्या बाजूला, कठड्यालगत, मुंग्या लागल्या होत्या. फरशीवर चौकोनी चिकट डाग होते, ताटं ठेवून उचलल्यासारखे. अण्णांनी बोटाला लावून वास घेतला.

"आंब्याचं साठ," ते म्हणाले. "मेच्या उन्हात रस वाळत घातला होता कुणीतरी. गच्चीची किल्ली श्यामने कुणाला दिली होती का गो?"

सुमेधाने मान हलवली. वाळवणावरून बायकांची भांडणं झाली तेव्हापासून त्याने किल्ली कुणालाही दिली नव्हती. महिनाभर गच्ची बंदच होती. मुंग्यांची रांग तिथून निघून एका पत्र्याखाली शिरत होती. पत्रा एका बाजूने फरशीला जखडलेला होता. अण्णांनी त्याला हात लावला नाही.

मग त्यांनी टाकीचे नळ मोजले. एक जाड नळ इमारतीला, एक बंगल्यांना. आणि एक बारका, रंग दिलेला, टाकीच्या बुडातून निघून सरळ फरशीत उतरलेला.

"आता हा कोणाचा?" अण्णा स्वतःशीच म्हणाले.

४

उमाताई दामले बंगल्यांच्या मंडळाच्या चिटणीस, शाळेच्या मुख्याध्यापिका. संघाच्या अध्यक्षपदावर त्यांचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्यामुळे अण्णांना बघताच त्या फणकारल्या. रविवारी दुपारी त्या शाळेच्या निकालाच्या कामात होत्या, चार शिक्षिका साक्षीला होत्या. करमरकर गच्चीवर कशाला गेले असतील, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. विहिरीतून पंप जेवढं पाणी चढवतो आणि नळांना जेवढं येतं, त्यात मेळ बसत नव्हता. करमरकरांना टाकी आतून बघायची होती. आणि तो बारका नळ? संघाचा नव्हे, उमाताई ठामपणे म्हणाल्या. संघाचे नळ दोनच. तो इमारतीवाल्यांचा असेल.

येसूबाई इमारतीच्या मंडळाच्या सर्वांत जुन्या सभासद. त्या म्हणाल्या, छे, टाकीला चिकटलेलं सगळं संघाचं. आमचं काही नाही.

त्यानंतर पंप चालवणारा लवू. तो पंपाच्या खोपटात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. अण्णा त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले आणि इकडचं तिकडचं बोलून त्याला विचारलं की एरवी पंप संध्याकाळी चालतो, मग रविवारी दुपारीच टाकी कशी भरली?

"भाऊंनीच सांगितलानी," लवू म्हणाला. "खजिनदार भाऊंनी. आज ऊन लय हाय, पानी लवकर चढव म्हनाले. मी चढवला. टाकी भरून वाहाया लागली तवा बंद केला. मना काय ठावं आत मानूस हाय?" आणि तो हुंदके देऊ लागला. दुपारी टाकी अर्धीच होती, हेही त्याने रडत रडत सांगितलं. अर्ध्या टाकीत उभा माणूस बुडत नाही.

म्हणजे करमरकर आत पडले तेव्हा जिवंत होते. पाणी नंतर आलं.

परतताना वाटेत अण्णा थांबले. "या वसाहतीत तीन थर," ते हळू आवाजात म्हणाले. "संघ, मंडळ आणि ज्याचं त्याचं घर. तो नळ संघ म्हणतो माझा नाही, मंडळ म्हणतं माझा नाही. दोघी खरं बोलतायत. मग उरलं कोण? कुणाचं तरी घर. आणि नळ घरात उतरतो तर माणूसही घरातून वर चढू शकतो. पोलिसांनी जिना बघितला, कुलूप बघितलं. उंबऱ्याच्या आत बघायची इथे कुणाला सवयच नाही. कमिटीने डोकवायचं नाही, हा नियम ना?"

टाकीच्या मागच्या अंगाला खाली कुणाचं स्वयंपाकघर येतं, ते सुमेधाला विचार करावा लागला नाही. मेच्या या टंचाईत सगळ्यांच्या नळाला मोजून दोन हंडे पाणी येत होतं आणि एका घरात पिंपभर पाणी शिल्लक होतं. ते पाणी ती स्वतः प्यायली होती.

"मी मान्यांना बोलवून आणतो," अण्णा म्हणाले. "तोवर तू त्यांची कळशी परत देऊन ये. बाई माणसाला स्वयंपाकघरात कोण अडवणार! वर माळ्याकडे फक्त नजर टाक. बोलू नकोस."

५

आनंदीबाई जोगळेकरांनी दार उघडलं. दर वर्षी साठाची वडी हातावर ठेवल्याशिवाय या बाईने कुणाला उंबऱ्यावरून परत पाठवलं नव्हतं. आज त्यांचे डोळे सुजले होते. सुमेधाने कळशी पुढे केली आणि उगीचच विचारलं की यंदा साठं घातली नाहीत का? नाही, यंदा जमलं नाही, आनंदीबाई म्हणाल्या. घरभर आंबट-गोड वास दरवळत होता.

सुमेधा कळशी ठेवायला आत गेली. वर पाहिलं. माळ्याच्या छताला लाकडी झडप होती, तिला आतून अडसर, आणि अडसरावर वाळलेल्या रसाचा पिवळा डाग. बाजूने एक बारका नळ उतरून पिंपात गेला होता.

"काय बघताय वहिनी?"

जोगळेकरभाऊ तिच्या मागे उभे होते. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिला ओरडायचं होतं. हे ज्याचं त्याचं घर. इथे ओरडलं तरी बाहेरचा कोण येणार, असा विचार तिच्या मनात चमकून गेला. भाऊ एक पाऊल पुढे आले. ती चुलीच्या ओट्याला टेकली.

"तिला जाऊ दे," आनंदीबाई म्हणाल्या. त्या दार ढकलून आत आल्या होत्या आणि नवऱ्याच्या नि सुमेधाच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "पुरे झालं. मला काल रात्रभर झोप नाही."

आणि मग त्या नवऱ्याकडे न बघता सुमेधाशीच बोलू लागल्या. करमरकर भाऊजी रविवारी दुपारी आले. श्याम किल्ली देत नाही म्हणून कुरकुरत होते. हे आत झोपले होते. यांनाच सांगायचं म्हणून आले होते बिचारे, पण मी म्हटलं, यांना कशाला उठवता, आमच्या झडपेतून जा. माझी साठं तेवढी तुडवू नका. नळाचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो. इतकी वर्षं तो नळ घरात, मला तो आमचाच वाटायचा.

भाऊ जागे झाले आणि धावत वर गेले. वर दोघांचे आवाज चढले. दुसऱ्यांना पाण्यावरून दंड करणारा खजिनदार स्वतःच चोर निघाला, उद्या सभेत सगळ्यांसमोर सांगतो, असं करमरकर म्हणत होते. मग धपकन आवाज झाला, मग झाकणाचा.

"हे एकटेच खाली आले," आनंदीबाई म्हणाल्या. "ताटं उचल म्हणाले. मी वर जाऊन ताटं उचलली. टाकीतून ते हाका मारत होते, माझं नाव घेऊन. किल्ली त्यांच्याच खिशात होती, मी कुलूप उघडणार कशाने? खाली आल्ये नि म्हटलं, कुणाला तरी बोलवा. बोलावतो म्हणाले, आणि लवूला पंप चालू करायला सांगायला जिना उतरले."

बाहेरचं दार वाजलं. अण्णा आणि फौजदार माने आत आले. मान्यांनी झडप बघितली, नळ बघितला, भाऊंकडे बघितलं. जोगळेकरभाऊ पाटावर बसले होते. एवढा मोठा माणूस एकदम आक्रसल्यासारखा दिसत होता.

"ढकललं ते रागाच्या भरात, तेवढं खरं," ते म्हणाले. "पण नंतर झाकण उघडायची छाती होईना. उघडलं असतं तर ते बोलले असते."

६

दुसऱ्या दिवशी श्याम सुटला. वसाहतीने त्याला हातोहात उचलून घेतलं. उमाताईंनी पेढे आणले, येसूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. संघ आणि मंडळ यांची चक्क एकत्र बैठक झाली आणि गच्चीच्या दोन किल्ल्या करायचं ठरलं. टाकी घासून, चुना लावून, पुन्हा घासून भरली. नळाला स्वच्छ पाणी आलं. तरी बायका ते आधी झाडांना घालत होत्या.

सुमेधाने देवापुढे निरांजन लावलं. तिला इतकं हलकं वाटत होतं की आपण या माणसावर संशय घेतला याची तिला लाजही वाटेना. त्याने बोलावं एवढीच आता तिची इच्छा होती. तिने त्याच्यापुढे ताट वाढलं. तो जेवला नाही. पाण्याचं भांडं त्याने हातात धरलं आणि तसंच खाली ठेवलं.

"आता कसली भीती?" ती म्हणाली. "तू काही केलं नाहीस. सगळ्यांना कळलं. मग तिथे पोलिसांपुढे गप्प का बसलास? आणि पाणी पिऊ नकोस, ते कशावरून म्हणालास? मी दोन दिवस मरत होत्ये रे."

श्यामने पाण्याचं भांडं लांब सरकवलं.

"वरून ठोकल्याचा आवाज येत होता," तो म्हणाला. "झाकणावर. मला वाटलं, करमरकर कुठून तरी वर चढलेच, आणि आता मुद्दाम टाकी ठोकून मला खिजवतायत. मी खिळ्यावरची किल्ली घेतली. गच्चीच्या दारापर्यंत गेलो. कुलपात घातलीसुद्धा. मग म्हटलं, आपण का उघडायचं? टाकी संघाची. ठोकू देत. आणि परत येऊन पडलो. संध्याकाळी ते सापडत नाहीत म्हणून लोक विचारायला आले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तोवर आवाज थांबला होता. वर जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही. सकाळी तो दोरा बघितला आणि कळलं."

निरांजनाची वात चरचरली. पुढचा प्रश्न विचारू नये असं सुमेधाला कळत होतं, तरी तिने विचारला.

"किती वेळ ठोकत होते?"

"पंप सुरू झाला," श्याम म्हणाला, "त्याच्यानंतरही."